आईच्या मांड्याचा शॉट

नंदू,

तुझ्या दहाव्याला तुझ्या कंपनीतल्या मित्रांनी तुझा एक व्हिडिओ करून आणला होता. दमणगंगेवरचे विधी आटोपून सगळे घरी आल्यावर खालच्या मांडवात तो मोठ्या टीव्हीवर लावला. मागे बासरी. तुझा लहानपणचा फोटो, शाळेतला, लग्नातला, मसाटच्या कंपनीच्या गेटवर हेल्मेट घालून काढलेला. पण एकही फोटो जागेवर थांबेना. आला की गिरकी घ्यायचा, पाकळ्या उडायच्या, की पुढचा. तुझा चेहरा डोळ्यांत मावायच्या आत तू निघून जात होतास. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अरे, जरा थांबू द्या ना त्याला!"

झालं. बायकांनी एकच हंबरडा फोडला. अमळनेरच्या आत्याबाईंनी मला पोटाशी धरलं. तुझे दादा स्मशानातही कोरडे राहिले होते, ते उठून बाहेर गेले. आणि मी आत्याबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून विचार करत होते की वहिनी आत्ता दुःखानं बोलली नाही, शॉटच्या लांबीबद्दल बोलली, हे या मांडवात एकाच माणसाला कळलं असतं. आणि तो माणूस टीव्हीवर गिरक्या घेत होता.

नंतर मीही रडले. पण खरं सांगते, आधी हसूच आलं होतं. तुला हे सांगायला म्हणून मी वळलेसुद्धा.

दोन महिने होत आले. तू पाळीवरून आलास, चहा टाका म्हणालास, आणि चहा होईपर्यंत नव्हतास, एवढंच मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी जो शब्द सांगितला तो सगळ्यांनी पाठ केलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागतो म्हणून. मी तो इथे लिहीत नाही. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचं आहे. आपला वाद अर्धा राहिलाय, आणि माझ्या हातात आता सगळी सत्ता आल्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

मी नाशिकहून लग्न होऊन सिल्वासाला आले तेव्हा तू दादांकडे राहायला आलेला, मिसरूडही धड न फुटलेला दीर होतास. मला वाटलं होतं, एवढ्या कंपन्या आहेत म्हणजे मोठं शहर असणार. आले तर दादा दिवसभर कंपनीत, शेजारी गुजराती, वरच्या मजल्यावर बिहारचं कुटुंब, आणि आईंची अहिराणी मला गुजरातीपेक्षा अवघड. आई "काय करी ऱ्हायनी" म्हणाल्या, म्हणजे नुसतं काय करतेयस, तरी मला वाटायचं, काहीतरी चुकलं. तू मधे बसून भाषांतर करायचास, आणि त्यात स्वतःच्या पदरची भर घालायचास. "आई म्हणतेय, वहिनीच्या हाताला चव आहे." आई तसं काही म्हणाल्या नव्हत्या, हे मला पुढे अहिराणी कळायला लागल्यावर कळलं.

मग तू धाग्याच्या मशीनवर लागलास, आणि सुटीच्या दिवशी अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करायला लागलास. गायला तुझ्याच मशीनवरचा किरण, नाचायला पॅकिंगमधली पोरं, कॅमेरा उसना, आणि सासू म्हणून मी. मला विचारलंस तेव्हा मी लाजले वगैरे होते. पण तू म्हणालास, "वहिनी, तुमच्या चेहऱ्यावर एक नैसर्गिक राग आहे." एवढी सुंदर स्तुती माझी आजवर कुणी केली नव्हती.

त्या पहिल्या गाण्यात सून पाण्याचा हंडा सांडते आणि सासू रागानं बघते, असा प्रसंग होता. मी घरी आरशासमोर तयारी केली होती. आधी हंड्याकडे बघायचं, मग सावकाश नजर वर, मग एक भुवई, आणि शेवटी पदर खोचायचा. शूटिंगला मी ते सगळं केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाणं आलं तेव्हा नाशिकच्या मावशीचा फोन, "अगं, तू कुठं होतीस त्यात? मी दोनदा पाहिलं." मी तुझ्याजवळ तावातावानं आले. तू गाणं लावून मला दाखवलंस. हंडा सांडला, भुवई, आणि पोरं नाचायला लागली. एक भुवई! नजर नाही, पदर नाही. मी शिंकले असते तर जास्त दिसले असते.

आपला वाद तिथून सुरू झाला, आणि तो माझ्या अहंकारातून सुरू झाला होता हे मान्य. पण पुढे तो तत्त्वाचा झाला. निदान मी तसं सांगत होते.

तुझं म्हणणं, गाणं लोक मोबाइलवर बघतात आणि अंगठा काचेवर टेकलेलाच असतो. "वहिनी, त्याला कंटाळा यायच्या आधी आपण शॉट बदलायचा. ढोलकीच्या प्रत्येक थापेला नवीन काहीतरी पाहिजे. नाहीतर अंगठा हलला." मी म्हणायचे, अरे पण माणूस दिसायला तरी वेळ दे. नुसते पापणी लवल्यासारखे चेहरे येतात नि जातात. तू म्हणायचास, "दिसतं बरोबर. तुम्हाला वाटतं दिसत नाही."

एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा तू मला खेरडीचा एक शॉट न कापता दाखवलास. आपण ज्या शेताला गाण्यात अमळनेर म्हणतो ते शेत. भाताची कापणी झाल्यावर ते जरा काळंभोर, उघडं दिसतं, म्हणून तू ते शोधलं होतंस. शेताचा मालक आपली वरात बघितली की हसत म्हणायचा, "पाछा आव्या?" पुन्हा आलात का. शॉटमध्ये किरण बैलगाडीजवळ उभा राहून गातोय. छान. मग कॅमेरा सरकत जातो, आणि बांधापलीकडे सागाची झाडं, त्यामागे निळ्या पत्र्याची शेड, मग लालपांढरी चिमणी, आणि शेवटी गुजराती पाटी लावलेला एक टेम्पो खडखडत थेट अमळनेरच्या शेतातून निघून जातो.

"ठेवू का लांब?" तू विचारलंस.

तेव्हा मी हरले. तुझं गाव एका श्वासापुरतं टिकायचं. जास्त बघितलं की त्याचं सिल्वासा व्हायचं. आणि ज्यांच्यासाठी तू ते करत होतास त्या पोरांना गावाकडं जायला सुटी मिळत नव्हती, म्हणून तर सगळा उद्योग. सुटीच्या दिवशी खेरडीत जाऊन धोतर नेसायचं, फेटा बांधायचा, आणि संध्याकाळी पुन्हा पाळीवर. गाणं आलं की गावाकडचे लोक खाली लिहायचे. एकानं लिहिलं होतं, हे तर आमच्या काकांचं शेत. तू तो मोबाइल घरभर नाचवत फिरलास. "वहिनी, बघा! काकांचं शेत!" तेवढा आनंद तुला पगारवाढीचा झालेला मी पाहिला नाही.

मलाही तू काही कमी दिलं नाहीस. बाजारात भाजी घेताना खान्देशी बायका मला अडवायच्या. "तुम्ही त्या सासू ना?" एका म्हाताऱ्या बाईनं तर माझा हात धरून सांगितलं, सुनेला इतकं छळू नको माय, तिचीबी कोणीतरी घरी वाट बघत असंल. मी म्हटलं, बरं. घरी येऊन तुझ्या बायकोला, सोनलला, चहा करून दिला. ती घाबरली.

इतकी वर्षं या गावात मला कुणी नावानं ओळखत नव्हतं. फ्लॅट नंबरानं ओळखायचे. तुझ्या एका भुवईनं मला ओळख दिली, हे मी तुला कधी बोलले नाही. आणि दुसरंही एक. तुझी गाणी मी कधीच सलग पाहिली नाहीत. दुपारी एकटी असताना लावायचे आणि थांबवत थांबवत बघायचे. पॅकिंगमधला तो दात पुढे असलेला पोरगा, किरणची बायको, उसना फेटा घातलेला वॉचमन. प्रत्येकाला थांबवून बघायचे, आणि मनात म्हणायचे, सापडलास. हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, म्हणजे मी बरोबर होतो. म्हणून नाही सांगितलं.

आता मांड्याच्या शॉटकडे येते.

हे आखाजीचं गाणं तू थंडीपासून मनात घोळवत होतास. आखाजी म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी खापरावर पुरणाचे मांडे होतात. गाण्यातली आई लेकीसाठी मांडे करते. त्यासाठी दुसरी कुणी बघायचा प्रश्नच नव्हता. तुझ्या आईंसारखे मांडे सिल्वासात कुणाचेच होत नाहीत, हे आत्याबाईसुद्धा कबूल करतात, आणि आत्याबाई सहसा काही कबूल करत नाहीत.

आई तयार नव्हत्या. "सन ना वार, आते मांडा कसाले?" सण नाही, वार नाही, आत्ता मांडे कशाला. तू त्यांच्या पाया पडलास, मग गळ्यात पडलास, मग उपाशी राहीन म्हणालास. शेवटी त्यांनी गच्चीवर चूल मांडली, खापर पालथं घातलं, आणि तू समोर कॅमेरा लावलास. मी तूप घेऊन बाजूला उभी होते.

पुरणाचा उंडा आईंनी तळहातावर घेतला आणि या हातावरून त्या हातावर टाकायला सुरुवात केली. बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या. आधी पुरीएवढा. मग ताटाएवढा. मग तो मनगटाच्या खाली ओघळला, कोपरापर्यंत गेला, आणि इतका पातळ झाला की पलीकडची आईंची साडी दिसायला लागली. आता फाटणार, आता फाटणार, असं प्रत्येक वेळी वाटत होतं. आणि त्यांनी तो अलगद खापरावर पसरला. मी तूप हातात धरून तशीच.

खाली आल्यावर मी म्हटलं, "नंदू, हा एकच शॉट अख्खा ठेव."

"खूप लांब आहे, वहिनी."

"असू दे. इथं काय लपवायचंय? मागं पांढरी भिंत आहे. चिमणी नाही, टेम्पो नाही. खरी आई, खरा मांडा. मग कशाला कापायचा?"

तू म्हणालास, आईचे हात एका लयीत चालतात आणि ढोलकी दुसऱ्या. थाप पडते तेव्हा मांडा हवेत असतो. बघणाऱ्याला खटकणार. मी म्हटलं, मग ढोलकीला सांग आईच्या हाताबरोबर वाजायला. तू हसलास. म्हणालास, "बघू."

ते "बघू" अजून तिथंच आहे.

तुझा तेरावा झाल्यावर किरण आला. बिचारा दारातच उभा. म्हणाला, "वहिनी, वाईट वाटतं सांगायला. पण आखाजी होऊन गेली की आखाजीचं गाणं कोणी ऐकत नाही. पोरांनी सुट्या घालवल्या त्याच्यावर. वापीला एक आहे एडिटिंगवाला, त्याला देऊ का? नाव नंदूचंच टाकू."

सोनल आतून आली. तिनं तुझ्या कॉम्प्युटरवर टॉवेल झाकून ठेवला होता, जसा तू झाकायचास. किरणला म्हणाली, "दुसऱ्याचा हात लागायला नको, भाऊ. मी करते."

"तुला येतं?" मी विचारलं.

"जोडायला येतं, कापायला येतं. बाहेरून लग्नाचे व्हिडिओ करायला आले की मीच जोडून द्यायची ना बसून. बाकीचं तुम्ही सांगा, ताई. तुम्ही एवढी वर्षं त्यांच्या मागं बसून चुका काढल्यात."

अशा रीतीनं तुझ्या खुर्चीत सोनल बसली आणि माझी बढती झाली.

रोज दुपारी स्वयंपाकघर आवरून आम्ही दोघी बसायचो. तू बरंच करून ठेवलं होतंस. पहिलं कडवं पूर्ण, दुसरं जवळजवळ पूर्ण. फक्त मधला ढोलकीचा तुकडा, जिथं मांडे यायचे होते, तिथं काहीच नव्हतं. गाणं चालू आणि पडदा काळा. मी उडालेच. मी सोनलला म्हटलं, "बघ! जागा ठेवलीय त्यानं. अख्ख्या शॉटची जागा. माझं म्हणणं पटलं होतं त्याला."

सोनल म्हणाली, "ताई, अवघड जागा ते नेहमी शेवटी करायचे. तशीच काळी ठेवायचे."

आता सांग, काय समजू? तू हार मानली होतीस, की फक्त दमला होतास? मी तुझी सगळी जुनी कामं उघडायला लावली. कुठं कुठं तू काळी जागा ठेवून मग काय भरलंस, ते कळावं म्हणून. त्यातून काही कळलं नाही.

मग मी सत्ता वापरली. म्हटलं, अख्खा लाव. सोनलनं लावला. नंदू, तुला सांगते, काय दिसत होतं ते! सगळं गाणं उड्या मारत येतं आणि मग एकदम आई. फक्त आई. मांडा मोठा होतोय, होतोय. मला वाटलं, जिंकले. मी टाळी वाजवली आणि खुर्चीकडे बघितलं. कुणीतरी "वहिनी, झोप लागली मला" म्हणेल म्हणून. खुर्चीत सोनल होती आणि ती नखं खात होती.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे."

"मग?"

ती माउस नुसता फिरवत राहिली. मग म्हणाली, "हे शेवटचं गाणं आहे, ताई. खाली त्यांचं नाव येणार. तुम्हाला, मला बरं वाटेल. पण लोक बघतील आणि म्हणतील, नंदूभाऊचा हात ढिला पडला होता शेवटी. थापेवर कट नाही, काही नाही. त्यांचा एक कट कधी थापेच्या पुढंमागं झालेला मी बघितला नाही. आणि आता ते सांगायला येणार नाहीत, की हे मी नाही केलं."

मला एवढं कधी सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं भांडत होते ते तू उलटून भांडशील या भरवशावर. तुझं पारडं तू सांभाळायचास म्हणून मी माझ्या पारड्यात वाटेल ते टाकत होते. आता दोन्ही माझ्याच हातात आली, आणि मला तुझ्या बाजूनं भांडायला लागलं, तेसुद्धा माझ्याशीच. माझ्याइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

"काप," मी म्हटलं.

मग आम्ही कापायला बसलो, आणि सगळी दुपार गेली. कुठला हात ठेवायचा, कुठली बांगडी, कुठं मांडा हवेत असताना थाप पडते. प्रत्येक कट ठरवायला तो शॉट पहिल्यापासून बघावा लागत होता. पुन्हा, पुन्हा. आईंच्या डाव्या अंगठ्याला भाजल्याचा डाग आहे हे मला या घरात इतकी वर्षं राहून त्या दुपारी दिसलं. मांडा खापरावर टाकताना त्या ओठ आत घेतात. टाकल्यावर क्षणभर हाताकडे बघतात, रिकामा झाला म्हणून.

आणि मग मला तुझं कळलं. लोकांना पापणी लवेल एवढी माणसं द्यायचास, पण त्याआधी तू त्यांना पूर्ण बघितलेलं असायचंस. पॅकिंगमधला तो पोरगा, वॉचमन, किरणची बायको. माझी नजर, माझा पदर, माझी आरशापुढची सगळी मेहनत, ती तू बघितली होतीस. कितीतरी वेळा. माझं ते काम निदान एका माणसानं अख्खं पाहिलं होतं, आणि मी त्याच माणसाशी भांडत होते.

गाणं झालं. ढोलकीच्या तुकड्यात मांडा तुझ्यासारखाच थापेथापेवर मोठा होतो. पुरी, ताट, कोपर, खापर. खाली तुझं नाव. किरणनं बघितलं, डोळे पुसले, म्हणाला, "नंदूचाच हात आहे." सोनल आत निघून गेली. आखाजीच्या आधी गाणं गेलं सगळीकडे. खेरडीच्या शेतावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही, पण सांगतील.

आखाजीला तुझ्या नावानं घागर भरली. गेलेल्यांसाठी त्या दिवशी भरतात ती. गाणं लेकींच्या आखाजीचं आणि घरात आखाजी ही अशी. घागरीवर आंबा ठेवला. नैवेद्याला मांडे हवेत. आईंनी परात पुढे ओढली, उंडा घेतला, आणि हातावर टाकेनात. तसाच धरून बसल्या. मी म्हटलं, द्या, मी करते. मी नाशिकची. माझा पहिला मांडा मनगटावर फाटला, दुसरा चुलीत गेला, तिसरा माझ्याच साडीवर बसला. शेवटी तव्यावर साधी पुरणपोळी लाटली. तुला पहिल्या वर्षी तव्यावरची पोळी मिळाली, तेवढं चालवून घे. तूप मात्र भरपूर सोडलं होतं.

जेवणं झाल्यावर आई सोनलजवळ येऊन बसल्या. गाणं सुटल्यापासून त्यांनी ते बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "देखू दे माले." मी बघते.

सोनलनं कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला, गाणं लावलं. आई पदर तोंडावर धरून बघत होत्या. ढोलकीचा तुकडा आला. पुरी, ताट, कोपर, खापर. गेला.

"इतलंच?" आईंनी विचारलं. एवढंच?

मी खाली बघायला लागले. सोनल म्हणाली, "गाण्यात एवढंच ठेवलंय, आई."

"मी तं किती टाइम करत व्हतू. बाकीनं कथा गयं?" बाकीचं कुठं गेलं.

"कुठं गेलं नाही. आतच आहे. कापलं तरी जात नाही ते, कडेला दुमडलेलं राहतं. हे बघा, कड धरून ओढली की बाहेर येतं."

तिनं माउसनं त्या तुकड्याची कड धरली आणि ओढली. आईंचे हात पडद्यावर पुढे चालू लागले. ढोलकी बंद केली आणि त्या दिवशीचा गच्चीवरचा आवाज सोडला, जो गाण्यात आपण कधीच ठेवत नाही. बांगड्यांचा आवाज. लाकडं तडतडल्याचा. खालच्या रस्त्यावरून गेलेल्या रिक्षाचा. आणि तू.

"आई, आखो मोठा. आखो." आणखी मोठा.

"फाटी जाई, पोऱ्या."

"फाटू दे. दुसरा कर. वहिनी, तूप सांडतंय तुमचं."

मांडा खापरावर पडला. आईंनी रिकाम्या हाताकडे बघितलं. कॅमेरा थोडा हलला, गच्चीची फरशी आली, तुझ्या चपलेचं टोक आलं. "झालं, आई," तू म्हणालास. "भूक लागली." आणि चित्र थांबलं.

आई पुढे सरकल्या. "आखो वढ," त्या सोनलला म्हणाल्या. आणखी ओढ.

"एवढंच आहे, आई. पुढं नाही."

"वढी तं देख."

सोनलनं माझ्याकडे बघितलं. मग आईंनी आपला हात सोनलच्या हातावर ठेवला, आणि माउस दोघींनी मिळून टेबलाच्या कडेपर्यंत ओढत नेला.